कचहरी की काझी

सर,

राजा पार्क वस्तीतलं तुमचं स्वयंपाकघर अजून डोळ्यांपुढून हलत नाही. बाहेरच्या खोलीत पुस्तकांनी माणसांना जागाच ठेवली नव्हती, म्हणून काकू पोहे परतायच्या आणि तुम्ही ओट्याशी खुर्ची टाकून माझ्या प्रबंधाची चिरफाड करायचात. इस्लाममध्ये धर्माबाबत अखेरचा शब्द कोणाचा, गादीवरच्या खलिफाचा की ग्रंथ जाणणाऱ्या उलेमांचा, यात तुमची उभी हयात गेली. "'लोक मानत असत' म्हणे! कोणते लोक? विचारायला गेली होतीस?" असं एकदा इतक्या जोरात ओरडलात की काकूंच्या हातून झारा पडला. मी इथल्या हिंदी मुलखात, रेल्वे कॉलनीत वाढलेली, माझं निम्मं मराठी हिंदीच. पण ऐकून घेणारी नव्हते.

एक दिवस काकूंच्या साड्यांना फॉल लावणारी बाई साडी देऊनही दारातच उभी राहिली. नवऱ्याने तलाक दिला होता. वकील म्हणे, पोटगीचा अर्ज कर; भाऊ म्हणे, काझी सांगेल ते ऐक, कोर्टात गेलीस तर आमचं दार बंद. तलाकनंतरची पोटगी कोर्टाने ठरवायची की शरियतने, हा वाद तेव्हा पेपरांतही रोज चालला होता. "साहब, भाभीजी कहती हैं आपने इसी पर किताब लिखी है. बताइए, किसकी मानूँ?" तुमची कळी खुलली. आधी धर्म आणि राज्य दोन्हींवर खलिफाच अधिकार सांगे, पुढे धर्म उलेमांकडे गेला, राजाकडे तलवार उरली, आणि भांडण कधी पुरतं मिटलंच नाही. किती सुरेख सांगत होतात! ती खाली मान घालून ऐकते आहे. "जी," ती म्हणते. "तो मैं कचहरी जाऊँ या नहीं?"

तुम्ही चष्मा पुसलात, पुन्हा पुसलात. "यह मैं नहीं कह सकता, बेटी." ती गेल्यावर मी तुमच्यावर तुटून पडले, एवढं शिकून उपयोग काय म्हणाले. तुम्ही चिडला नाहीत, याचंच मला भय वाटलं. "भावाने दार लावलं तर ती जाईल कुठे? आणि मी तिच्या धर्माबाहेरचा माणूस, कुठल्या तोंडाने सांगू?" त्या दिवशी प्रबंध कोणी उघडला नाही.

पुढे ती भावाकडे बस्सीला गेल्याचं कळलं. अर्ज केला की नाही, कोणालाच ठाऊक नव्हतं. आता तुमचं पुस्तक मी वर्गात शिकवते आणि भांडण मिटलंच नाही असं सांगणारं शेवटचं प्रकरण दरवर्षी मुलांना घरी वाचा म्हणून सोडून देते. तुम्हीच राहिला नाहीत, हे पत्र टाकू तरी कुठे? बस्सी इथून बसने तासाभरावर आहे, सर. इतक्या वर्षांत मी एकदाही गेले नाही. खरं सांगते, तिचं काय झालं हे मला कळायलाच नको आहे.