सहाव्या चाकूची जागा

लाजेस, पिको बेट
४ ऑगस्ट १९९१

चि. गुआल्तेर यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, रागावू नकोस. इकडे सगळं ठीक. द्राक्षं यंदा बरी आहेत, माझे गुडघे तेवढे नाहीत. हे पत्र अन्सेल्मोचा मुलगा विमानाने नेतोय, म्हणजे दोन दिवसांत तुझ्या हातात पडेल. तुझे हेर्मिनियो दाजी शेजारी बसून सांगताहेत आणि मी लिहितेय, तेव्हा भाषेला नावं ठेवायची तर त्यांना ठेव.

ते म्हणतात, "लिही त्याला, अठ्ठावीस वर्षं झाली. फॉल रिव्हरच्या गिरणीत काय मुरायला घातलंय का तुला?" यंदा लूर्दमातेच्या जत्रेला आपली जुनी बोट पुन्हा पाण्यात उतरणार आहे. देवमासे मारणं बंद झालं, पण शर्यत तरी होईल. दाजींनी स्वतः तिला रंग दिला. तुझी जागा राखून ठेवली आहे.

आणि त्यांचा छंद तुला ठाऊकच आहे. टेहळणीच्या बुरुजावरची नोकरी संपल्यापासून तुमच्या बोटीवरच्या गड्यांचे खिशातले चाकू जमवताहेत. देवमाशाच्या दाताच्या मुठी, सगळ्या म्हाताऱ्या तिबेरियोने सुईने कोरून काजळी भरलेल्या. कोणावर शिडं, कोणावर चर्च. अन्सेल्मोच्या मुठीवर बाई आहे, ती त्याची बायको नाही, आणि त्यावरून त्या घरात अजून भांडी आपटतात! पर्यटक बघायला येतात. काचेच्या पेटीला निळी मखमल त्यांनी स्वतः शिवली. खण सहा, भरलेत पाच. सातवा चाकू मिळायचा नाही, तो सिल्विनोबरोबर गेला. सहावा तुझा. "चाकूशिवाय आलास तर बोटीत घेणार नाही," म्हणतात, आणि हसताहेत.

तुझी,
देओलिंदाताई

*

लाजेस
६ ऑगस्ट

गुआल्तेर,

येऊ नकोस.

परवाच्या पत्रातला शब्द न शब्द हेर्मिनियोचा होता. आज तो बोटीकडे गेलाय म्हणून हे लिहितेय. फोन त्याच्या खुर्चीशेजारी असतो, आणि तिकडे जातानाही तो खोलीला कुलूप लावून जातो. पूर्वी लावत नसे. हे साध्या टपालानेच येईल, देव करो आणि वेळेत येवो.

सहावा खण रिकामा नाही. काल पुसताना मखमल सैल लागली, उचलली, तर खाली तुझा चाकू. मुठीवर आईचं घर आणि दारातलं अंजिराचं झाड. मी ओळखणार नाही होय रे? आणि खिळ्याजवळ एक आडवी रेघ.

भर समुद्रात माशाला लागलेल्या भाल्याचा दोर कापला तर मुठीवर रेघ कोरून घ्यायची, लपवली तर समुद्र वसूल करतो, हे आपण आईच्या दुधाबरोबर प्यायलो. तू सगळ्या जगाशी खोटं बोललास, पण समुद्राशी बोलायचं धाडस झालं नाही तुला. तिबेरियोकडे चाकू रेघेसाठी टाकलास आणि तो परत घ्यायच्या आधीच अमेरिकेची बोट धरलीस. त्याने तोंड उघडलं नाही. म्हातारा ईस्टरच्या आधी वारला, आणि झुल्मिराने नवऱ्याच्या खणातला चाकू हेर्मिनियोला आणून दिला. "तुमच्या पेटीला होईल," म्हणाली बिचारी.

तुम्ही सहाही जणांनी शपथेवर सांगितलंत की दोर आपणहून तुटला आणि माशाबरोबर सिल्विनो गेला. हेर्मिनियो त्या दिवशी बुरुजावर होता. सिल्विनो त्याचा पाठचा भाऊ. दुर्बिणीतून त्याला एक हात वर गेलेला दिसला, हातात काहीतरी चमकलं. कोणाचा हात, ते एवढ्या लांबून कळेना. हे त्याने मला एकदाच सांगितलं, लग्नाच्या पहिल्या वर्षी. मला वाटलं, विसरला. छंद म्हणे! मीसुद्धा पर्यटकांना तेच सांगत होते. तो एकेक मूठ भिंगाखाली धरून ती रेघ शोधत होता.

सिल्विनोचा पाय दोरात अडकला होता आणि मासा त्याला खाली ओढत होता. तू दोर कापला नसतास तर बोट सगळ्यांना घेऊन तळाला गेली असती. हे हेर्मिनियोलाही कळतं, तो काही शेतातला माणूस नाही. पण त्याच्या आईचे हात हातात घेऊन "तुटला" म्हणालास, ते त्याच्या घशाखाली उतरत नाही. मला विचारशील तर माझ्याही नाही. तरी तू माझा भाऊ आहेस.

तो दारू पीत नाही, आरडाओरडा करत नाही. काम करताना गुणगुणतो. आमच्या लग्नातही गुणगुणला नव्हता. नवा दोर आणून बोटीतल्या दोराच्या पिंपात वेटोळी घालतोय. शर्यतीला दोर कशाला, विचारलं, तर म्हणाला, "दोराशिवाय बोट नागडी दिसते गं." आणि तुझ्यासाठी राखलेली जागा तुझी जुनी नाही. पिंपाला लागून आहे ती, सिल्विनोची.

चाकू आण म्हणतोय, कारण तू काय घेऊन येतोस ते त्याला बघायचंय. हरवला म्हणालास तरी फसशील, आणलास तर जास्तच. आजारी आहे असं कळव. नाहीतर खरं काय ते लिही, मध्ये समुद्र आहे तोवर लिही. मला त्याची भीती वाटते, गुआल्तेर. ज्याच्या ताटात रोज वाढते त्याची.

तुला खांद्यावर बसवून बोटी दाखवणारी,
ताई

*

फॉल रिव्हर
७ ऑगस्ट १९९१

प्रिय ताई,

सा. न.

अन्सेल्मोच्या पोराने काल पत्र दिलं. गिरणीच्या दारात उभ्या उभ्या वाचलं आणि रडलो, काय लपवायचं. सिल्विनो गेल्यावर दाजी माझं तोंड बघणार नाहीत असं इतकी वर्षं धरून चाललो होतो. आणि त्यांनी माझी जागा राखली!

जत्रेपर्यंत कशाला थांबू? गिरणीला सुट्टी आहे, शनिवारी विमानात बसतो. हे पत्र आधी पोचतं की मी, बघू. फोन करणार होतो, पण दाजींनीच उचलला तर गंमत जाईल. मला दारात उभं राहून त्यांचा चेहरा बघायचाय.

चाकू आणतोय. कधी खिशातून काढलाच नाही. आईचं घर, अंजिराचं झाड, सगळं जसंच्या तसं. जरा घासून पुसून घेतलाय, म्हणून नवा वाटेल. दाजींना म्हणावं, खुशाल भिंग लावून बघा, मुठीवर एक ओरखडा सापडायचा नाही.

माशाचं कालवण आणि मक्याची भाकरी करून ठेव.

बोटीत जागा राखल्याबद्दल दाजींचा जन्माचा ऋणी,
तुझा गुआल्तेर