अब्बांच्या आवाजाची दुरुस्ती

सोलापूर

प्रिय आरिफ,

पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागू नये म्हणून आधीच सांगते: अब्बा बरे आहेत. आज सकाळी अम्मीशी भांडून त्यांनी खिचडीवर चिंचेचं खट्टं जास्तीचं ओतून घेतलं आणि नेहमीसारखे दुकानात गेले.

तू म्हणशील, बरे आहेत तर आपानं एवढा कागद का काळा केला, फोन काय मोडलाय? फोन धडधाकट आहे रे. पण मी अब्बांचं नाव काढलं की मस्कतमधलं नेटवर्क नेमकं तेव्हाच जातं. कागद असा मध्येच कट करता येत नाही. शिवाय घरात आपण कितीही दखनी बोललो तरी एकमेकांना जे लिहिलं ते मराठी शाळेतल्या मराठीतच, तेव्हा ही सवय मोडायचं कारण नाही. तुझा बाकावरचा दोस्त अभिमन्यू कंपनीच्या कामानं तिकडं निघालाय, त्याच्या हाती हे देतेय. एक विनंती, खरं तर हुकूमच समज: शेवटपर्यंत वाच आणि मगच अम्मीला फोन लाव.

गेल्या थंडीत अब्बांचा आवाज बसला. नवी पेठेत रस्त्याच्या पलीकडून चाललेल्या बाईला दारातूनच हाक मारून आत आणणारा तो आवाज. आधी त्यांनी धुळीला नावं ठेवली, मग बिडी कमी केल्याचं सोंग केलं, मग काढे पिऊन झाले. विचारलं की "कुछ नै" एवढंच. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा अम्मीनं त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. घशाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही: स्वरयंत्र काढलं तर माणूस राहील, नाही काढलं तर दोन्ही जातील. मी तिथंच होते. अब्बांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, दुकान कधी उघडता येईल?

ऑपरेशन झालं. आता गळ्याला खाली एक छिद्र आहे, त्यातून ते श्वास घेतात, वर अम्मी पांढरा पातळ रुमाल बांधते. गाठ पुरी निघाली. तपासणीला जातो तेव्हा डॉक्टर खूश असतात. हे तुला आजवर का कळवलं नाही, त्याच्याकडं येतेच आहे. जरा धीर धर.

ऑपरेशनच्या आधी मधे थोडे दिवस होते. डॉक्टर म्हणाले, गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं. आम्ही ते ऐकून आलो. त्यातून निघणारा आवाज सगळ्यांचा सारखाच, पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा. मी म्हटलं, अब्बा, तुमचे शब्द तुमच्याच आवाजात भरून ठेवते, मग कॉम्प्युटरवर बटण दाबलं की तुम्हीच बोलाल. हल्ली म्हणे माणसाचा आवाज थोडा ऐकवला की पुढचं सगळं मशीन स्वतःच बोलतं. त्याला त्यांनी साफ नकार दिला. "मैं बोलाच नै, तो वो मेरा कैसा?" म्हणाले.

मग आम्ही दुकानामागच्या गोदामात बसलो. चारी बाजूंनी चादरींचे गठ्ठे, त्यामुळं आवाज घुमत नाही. पुण्याच्या स्टुडिओला जमणार नाही एवढं स्वच्छ रेकॉर्डिंग झालं. मी कागदावर लिहून नेलं होतं: पाणी द्या, दुखतंय, डॉक्टरांना बोलवा. ते वाचून अब्बांनी कागद परत दिला. आजाऱ्याचं बोलणं मी बोलणार नाही म्हणाले. आणि सुरू झाले, "आओ भाभी, हात लगाके तो देखो!" बसलेल्या, खरखरीत आवाजात, मधे मधे खोकत, अख्खं दुकान बोलून काढलं. मग घर. मग अम्मीला मारायच्या हाका, आणि रागातल्या हाका वेगळ्या. पाणी आणि दुखणं शेवटी माझ्यासाठी म्हणून बोलले.

तुला माझं काम म्हणजे "आपा बिलाचं सॉफ्टवेअर करते" एवढंच माहीत. खरं आहे. मेडिकलवाले, कापडवाले, यंत्रमागवाले, सगळ्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर आमचे प्रोग्राम. इंटरनेट गेलं तरी बिल निघालं पाहिजे, ही सोलापूरची अट. आणि रोज कुणाचा तरी फोन, मॅडम, हँग झालंय. त्याची मला कधी भीती वाटली नाही. बिघाड कसा होतो ते आधी आपल्या डोळ्यांसमोर पुन्हा घडवून आणायचं. घडवता आला की तो अर्धा हातात आला, बाकीचं चिकाटीचं काम. अब्बांचा प्रोग्रामही मी त्याच भरवशावर लिहायला घेतला. दवाखान्यातून त्यांना घरी आणायच्या आत तो तयार होता, आणि ऑफिसातल्या माझ्या मशीनवर झकास बोलत होता.

घरच्या लॅपटॉपवर मात्र ढिम्म. स्क्रीनवर प्रोग्रामची खिडकी उघडली, बटणं दिसली, अब्बांनी बोट ठेवलं आणि काही नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. तो चेहरा मी तुला सांगू शकत नाही. अम्मी लगबगीनं म्हणाली, राहू दे, उद्या बघ. मी म्हटलं, उद्या नाही, आत्ता. कारण सापडायला वेळ लागला नाही. आवाजाच्या फायली कुठं आहेत त्याचा पत्ता मी माझ्या ऑफिसच्या मशीनचा लिहून ठेवला होता, घरच्या लॅपटॉपवर तो पत्ताच नव्हता. आणि फायली सापडल्या नाहीत तर गप्प बस, असंही मीच प्रोग्रामला सांगितलेलं. हे दुसरं जास्त वाईट. अडलं तर सांगणारा प्रोग्राम दुरुस्त होतो, गप्प बसणारा रडवतो. फायली प्रोग्रामच्या सोबतच ठेवल्या, आणि काही सापडलं नाही तर लाल अक्षरांत तसं दाखव, असं लिहिलं.

मग अब्बांनी पहिलं बटण दाबलं ते पाण्याचं नाही, दुखण्याचं नाही. "गुलबानो!" अम्मी स्वयंपाकघरात गेली होती. सवयीनं हात पुसत "क्या जी?" म्हणत बाहेर आली, आणि दारातच थांबली. अब्बांनी पुन्हा दाबलं. ती म्हणाली, "एक बार में सुनाई देता मेरेकू." मग दोघं कितीतरी वेळ हसत होते, अब्बांच्या हसण्याला आवाज नव्हता एवढंच.

खरी परीक्षा दुकानात झाली. लॅपटॉप गल्ल्याशेजारी मांडला आणि पहिल्याच दिवशी मंद्रूपचे सिद्धप्पा आले, आपले पूर्वीपासूनचे गिऱ्हाईक, पुतणीच्या लग्नाच्या चादरी घ्यायला. अब्बांनी ऐटीत "आओ, बैठो" दाबलं, तोवर ठीक. मग एक लांबलचक वाक्य जुळवलं आणि सगळी खिडकी पांढरी पडली. अब्बा घाबरले, पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, शेजारची बटणंही दाबली. थोड्या वेळानं खिडकीला जाग आली आणि दाबलेलं सगळं एकामागून एक बाहेर पडलं: आओ बैठो, आओ बैठो, गुलबानो, भाव एकच, गुलबानो, आओ बैठो! रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. मी पुढं होऊन लॅपटॉप मिटणार, तेवढ्यात सिद्धप्पा मांडीवर थाप मारून म्हणाले, "गैबीसाब, तुमी तर ऑपरेशननंतर लईच बोलायला लागलासा की! न्हाय तर मला वाटलं, आता हितं मुकाट्यानं चादर घ्यावी लागतीय." अब्बांनी त्यांचा हात हातात घेतला तो चादरी बांधून होईपर्यंत सोडला नाही.

तो बिघाड मी अब्बांना दुकानाच्याच भाषेत समजावला. माझ्या प्रोग्रामात काउंटरवर एकच माणूस होता. गिऱ्हाईकाचं ऐकायचं त्यानंच, दुकान दिसतंय तसं ठेवायचं त्यानंच, आणि माल आणायला गोदामात जायचं तेही त्यानंच. तो आत गेला की काउंटर रिकामा, बाहेर माणसं ताटकळत हाका मारताहेत. मी गोदामाचं काम दुसऱ्या माणसाकडं दिलं. आता अब्बांचं वाक्य वाजत असतं तेव्हाही बटणं जिवंत असतात, आणि "चूप" नावाचं एक बटण ठेवलंय, ते दाबलं की बोलणं जागच्या जागी थांबतं. अम्मीला तेच सगळ्यात आवडलंय.

त्यानंतर दुपार झाली की प्रोग्राम दमायचा, हळूहळू होऊन बंद पडायचा. सकाळी ताजा, दुपारी आडवा. हे मी ऑफिसात इतक्यांदा पाहिलंय की दुरूनच ओळखलं. गिऱ्हाईकाला दाखवायला उघडलेली चादर घडी घालून परत ठेवलीच नाही तर गादीवर बसायला जागा उरत नाही, तसं वाजवलेली प्रत्येक फाईल उघडीच पडत होती आणि लॅपटॉपची जागा भरत होती. एकेक घडी घालून ठेवायला लावली. आता सकाळी लावलेला प्रोग्राम दुकान बंद होईपर्यंत बोलतो. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तो दुसऱ्या रोग्यांसाठीही मागून घेतला. बार्शीच्या एका शिक्षिकेनं ऑपरेशनआधी त्यात वर्गाला गप्प करायचे शब्द भरलेत. मला अभिमान वाटतो आरिफ, आणि तो मी लपवणार नाही.

आता तुझ्याकडं येते.

गोदामात सगळ्यांची नावं भरून झाली तेव्हा मी म्हटलं होतं, आता आरिफ बोला. अब्बांनी नकाराची मान हलवली, उठले आणि बाहेर गेले. मला वाटलं, राग अजून गेला नाही. तुम्हा दोघांचं भांडण मी विसरले नव्हते. दुकान सोडून जातो म्हणालास, ते दार बंद होईल म्हणाले, आणि जाता जाता तू म्हणालास, "तुमच्याकडं नुसता आवाजच आहे अब्बा, दुसरं काय आहे?" रागात माणूस बोलतो. तूही विसरला असशील असं मला वाटायचं. पण तू विसरला नसशील, हे अब्बांना माझ्याआधी कळलं होतं. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी तुला फोन लावायला निघाले तर त्यांनी माझा हात धरला. "उसकू नक्को बोल. उने समझेंगा उसके बोलने सेच हुआ." म्हणाले, पोरगं परमुलखात एकटं आहे, असलं ओझं घेऊन कसं झोपेल? तुझं नाव त्यांनी रागापोटी टाळलं नव्हतं रे. तुझं नाव घेतलं असतं तर त्यांना रडू आलं असतं, आणि मशीनमध्ये रडका आवाज त्यांना ठेवायचा नव्हता.

म्हणून मी तुझ्या वतीनं डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, ही बिड्यांची वर्षानुवर्षांची करणी आहे, कुणाच्या बोलण्यानं गाठ होत नाही. हे नीट वाच आणि डोक्यातून ते काढून टाक. मी बिघाड शोधणारी बाई आहे, कारण नसलेल्या जागी कारण चिकटवू देत नाही.

गेल्या आठवड्यात अब्बा माझ्या टेबलापाशी आले आणि पाटीवर लिहिलं, आरिफ. मग लॅपटॉपकडं बोट केलं. प्रोग्रामनं लाल अक्षरांत सांगितलं, हा शब्द नाही. ते तसेच उभे राहिले. मी म्हटलं, बसा, बघू. गोदामातलं सगळं रेकॉर्डिंग मी पुन्हा ऐकत बसले. एका ठिकाणी ते गिऱ्हाईकाला म्हणतात, "इस चादर की तारीफ क्या करूँ!" मी तो एकच शब्द बाजूला काढला, त्याच्या सुरुवातीचा त कापला आणि वाजवला. आरीफ. मधलं अक्षर जरा लांबलंय, रस्त्यापलीकडून हाक मारल्यासारखं. अब्बांनी ते ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

हे पत्र त्या हाकेसाठी आहे. येत्या शुक्रवारी नमाजनंतर तुला त्यांचा फोन येईल. त्यांचा नंबर ब्लॉक केला असशील तर आज काढ. त्यांनीच मला सांगितलं, म्हणजे पाटीवर लिहून, की आता मी बरा आहे, आता त्याला कळलं तरी चालेल, पण अचानक मशीनमधून बोललो तर पोरगं घाबरेल, तू आधी लिही. तू फोन उचललास की थोडा वेळ काहीच ऐकू येणार नाही. तो बिघाड नाही. अब्बा चष्मा सावरून बटण शोधत असतील. हॅलो हॅलो करून घाई करू नकोस, ठेवू तर मुळीच नकोस. आधी तुझं नाव येईल. त्याच्या पुढचं वाक्य त्यांनी स्वतः जुळवून ठेवलंय आणि मला ऐकू दिलेलं नाही. ते फक्त तुझ्यासाठी आहे.

तुझीच,
इफ्रा आपा