दवातली लोकरी विजार

॥ श्री महावीराय नमः ॥

सातारा, ता. ३ डिसेंबर १९७४

चि. चंपाबाई हिस तवनाप्पाचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र पोचले. यंदा द्राक्षबाग तुझ्या हातून निभली नाही तर संक्रांतीनंतर ती आपण करणार, असे रामगोंडाने भाऊबंदांत बोलून दाखवले, आणि त्यावर तू भरल्या बैठकीत ‘बघा की’ एवढेच म्हणालीस. हे वाचून मला आपली आई आठवली. तीही भांडणात दोनच शब्द वापरी, आणि पुढे बोलायला कोणी उरत नसे.

तुझा दीर वाईट नाही, हे तूही जाणतेस. दाजी गेल्यावर बाग पाहणे त्याला आपले कर्तव्य वाटते, आणि कर्तव्य एकदा डोक्यात शिरले की माणूस दुसऱ्याचे ऐकत नाही. शिवाय गेल्या हिवाळ्यात तू पहाटे बांधावर बसलीस ती गुडघे धरल्यामुळे उठूच शकली नाहीस, त्याच्या बायकोने, शालनने, येऊन तुला उठवले. त्याचे सगळे म्हणणे त्या एका सकाळवर उभे आहे. भुरीच्या पांढऱ्या बुरशीवर गंधकाची पूड पाने दवाने ओली असतानाच धुरळावी लागते, उन्हे आल्यावर ती ठरत नाही, हे तूच मला शिकवलेस. तेव्हा पहाट चुकवता येत नाही. उरले गुडघे.

त्यांच्यासाठी सोबत पार्सल पाठवतो आहे. शेजारचे सुभेदार हंबीरराव लडाखहून निवृत्त होताना पातळ लोकरीच्या दोन लांब विजारी घेऊन आले. लष्करात त्यांना ‘ड्रॉवर वुलन’ म्हणतात. एक गेल्या वर्षापासून माझ्या धोतराखाली आहे. शाळेत कोणाला पत्ता नाही. दुसरी तुला. वजनाला पंचांगाएवढीसुद्धा नाही. लुगड्याखाली घाल. सुभेदारांची ताकीद आहे की गरम पाण्यात धुवू नये, नाहीतर ती पुढे बाहुलीलाच होईल.

प्रकृतीस जपावे, हे लिहून उपयोग नाही म्हणून लिहीत नाही. लोभ आहेच.
तुझा अण्णा


सांगली, मळ्यावरून, ता. ११ डिसेंबर

तीर्थस्वरूप अण्णांच्या चरणी चंपाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पार्सल मिळालं. तुम्ही शाल पाठवली असेल म्हणून मी ते शालनच्या देखत सोडलं. आतून दोन पाय निघाले. शालन हसून हसून खालीच बसली. अण्णा, तुम्ही एवढे शिकलेले, जरा विचार तरी करायचा. मी विजार घालायची तर भावजींनी लुगडं नेसायचं काय?

आणि लोकर म्हणजे मेंढीच्या अंगावरची. आपण पाणीसुद्धा गाळून पिणारी माणसं. ते कसं काय चालतं, ते कळवा.

काल पहाटे बागेत गेले. चार ओळी झाल्या आणि पाय लाकडागत झाले. खांबाला धरून उभी राहिले, पण बसले न्हाई. भावजी शेजारच्या त्यांच्या द्राक्षांच्या वाफ्यातून बघत होते. ‘वहिनी, पहाटंचं दव बाईमाणसाचं काम न्हाई,’ म्हणाले. घड आता मण्यावर आलेत. भुरी पडली तर सगळं गेलं. पण मी बाग सोडणार न्हाई, हे तुम्हालाही सांगून ठेवते.

वहिनींना नमस्कार. मायेत अंतर नको.
तुमची चंपा


सातारा, ता. १५ डिसेंबर

चि. चंपाबाई हिस आशीर्वाद.

लोकर कापताना मेंढी मरत नाही, हलकी होते. मी स्वतः कोरेगावच्या धनगरांना विचारून आलो. दुसरा मुद्दा विजारीचा. न्यायशास्त्रात मी सहा वर्षे घालवली. बाईच्या गुडघ्याला वाजणारी थंडी आणि पुरुषाच्या गुडघ्याला वाजणारी थंडी वेगळी, असे प्रतिपादन मला कोठेही आढळले नाही. तुला आढळल्यास कळवणे.

तू नाही घातलीस तर परत पाठव, मी आलटूनपालटून वापरीन. पण मग हंगामात रामगोंडाच्या हातच्या बागेतली द्राक्षे मला पाठवू नकोस. मी खाणार नाही.

माया वाढती असू दे.
अण्णा


सांगली, मळ्यावरून, ता. ६ जानेवारी १९७५

तीर्थस्वरूप अण्णांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

विजार घातली. घातली त्या दिवसापासून एक पहाट चुकली न्हाई. पाय माझेच आहेत असं वाटायला लागलंय. हे सांगायला पत्र लिहायचं मनात होतं, पण झालं दुसरंच.

गावात दिगंबर मुनी महाराज पायी विहार करत आलेत. एवढ्या थंडीत अंगावर सूत न्हाई, बस्तीच्या देवळात नुसत्या फळीवर बसतात. बघून मलाच लाजल्यागत व्हायचं. त्यांच्या आहारासाठी आमच्या गावातल्या घरी मीही शुद्ध स्वैपाकाचा चौका लावला. आहार देणाऱ्यानं अंघोळ करून धुतलेलं सुती नेसायचं, लोकर चालत न्हाई, हे काय मी तुम्हाला सांगायला पायजे? शनिवारी बागेतून आले, अंघोळ केली, सुती लुगडं काढलं. गुडघे ठणकत होते. सवयीनं पाय कधी विजारीत गेले मला कळलंच न्हाई.

दारात कलश घेऊन उभी राहिले. महाराज सगळी गल्ली चालत आले आणि माझ्यासमोर थांबले. यांच्या माघारी पहिल्यांदाच. प्रदक्षिणा झाल्या. मग देणाऱ्यानं म्हणायचं तसं मी मनशुद्धी म्हणाले, वचनशुद्धी म्हणाले, आणि कायशुद्धी म्हणायला गेले तर मांडीला लोकर लागली. अण्णा, कुणालाच दिसत नव्हतं. पण जिभेवर येईना. मी कलश खाली ठेवला आणि सांगितलं, “महाराज, माझ्या अंगावर लोकर आहे.”

महाराज वळले आणि भावजींच्या दारात गेले. त्यांच्याकडे आहार झाला. दुपारपर्यंत अख्ख्या गावाला विजार माहीत झाली. भावजी पारावर म्हणाले, वहिनी मिलिटरीत भरती झाली. मी घरात बसून रडले, मग पहाटे उठून विजार घालून बागेत गेले. काय चुकलं माझं?

चंपा


सातारा, ता. ९ जानेवारी

चि. चंपाबाई हिस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचले. तू विचारतेस काय चुकले. विसरलीस, एवढेच. त्यानंतर जे केलेस ते मला जमले असते असे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मी बहुधा कायशुद्धी म्हणून मोकळा झालो असतो, आणि मागाहून एखादे वचन शोधले असते.

महाराजांचा मार्ग त्यांचा. त्यांनी थंडी जिंकली आहे. तुला फक्त भुरी जिंकायची आहे. पुढल्या वेळी विजार खुंटीला टांगून, खुंटीकडे बघून मगच दारात ये. सुभेदारांना हकिकत सांगितली. ते ताठ उभे राहिले आणि सातारच्या भर गल्लीत सांगलीच्या दिशेने सलाम ठोकला. भाजीवाली घाबरली.

पहाट चुकवू नकोस. लोभ तसाच राहू दे.
अण्णा


सांगली, मळ्यावरून, ता. १७ जानेवारी

तीर्थस्वरूप अण्णांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

महाराज पुढच्या गावाला गेले. त्यांचा आहार पुन्हा माझ्याकडे झाला न्हाई. रोज सुती नेसून उभी राहत होते, पण योग न्हवता. विहाराच्या दिवशी मी बागेतच होते. दिवस नुकता उगवला होता आणि थोडी पूड मारायची राहिली होती. रस्ता आपल्या बांधावरनं जातो. पाठीमागं सगळा गाव, भावजी पुढं. मी दोन ओळींच्या मधी उभी, हाताला गंधक, लुगड्याखाली ती विजार. पळून तरी कुठं जाणार? तिथनंच हात जोडले. महाराज थांबले. बागेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मोरपिसांची पिच्छी वर करून आशीर्वाद दिला. त्यानंतर गावात विजारीची थट्टा बंद झाली.

भावजींच्या वाफ्यावर भुरी आलीय. ते ऊन आल्यावर पूड मारत होते, मी शालनला दोनदा सांगितलं होतं. माझ्या घडावर डागसुद्धा न्हाई. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आले तेव्हा बैठकीतच म्हणाले, ‘बाग वहिनीकडंच ऱ्हाऊ द्या.’ मग माणसं गेल्यावर रेंगाळले. त्यांचेही गुडघे धरतात म्हणे, चार वर्षं झाली, कुणाला सांगितलं न्हवतं. पहाटे दवात उभं राहणं मला जमंल का, वहिनी, असं विचारलं.

मी म्हणाले, बघा की.

तर अण्णा, सुभेदारांकडे आणखी एक विजार मिळेल का? लांबीला जरा जास्त पायजे. मायेत उणं पडू देऊ नका.
चंपा


सातारा, ता. २१ जानेवारी

चि. चंपाबाई हिस अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

सुभेदारांकडे तिसरी विजार नाही. तेव्हा सोबत माझी पाठवतो आहे. आज पहिल्या तासाला करुणरस शिकवत होतो आणि थंडीने धोतरात पाय लटपटत होते. मुलांना वाटले मास्तरांना भरून आले. दोघीतिघी मुली डोळे पुसू लागल्या. इतक्या वर्षांत माझा तास इतका रंगला नव्हता, त्यामुळे माझी काळजी करू नकोस.

रामगोंडाला सांग, नाडी नवी घातली आहे. पार्सल त्याने चारचौघांत सोडावे, अशी माझी अट आहे. आणि शालनला त्या वेळी जवळ बसव.

द्राक्षे तयार झाली की पेटी पाठव. आता खाईन.
तुझा अण्णा