तीन फुल्या

सोमवार, ७ नोव्हेंबर, सकाळी

चि. धाकटीस,

आईचे आशीर्वाद. जावयांना नमस्कार, नातीला एक गालगुच्चा. मी जिवंत आहे. गुडघे माझं ऐकत नाहीत, मी डॉक्टरचं ऐकत नाही, असं आमचं तिघांचं बरं चाललंय. तुझी तब्येत विचारायची रीत आहे म्हणून विचारते. टीव्हीवर दिसलीस तेव्हा धडधाकट वाटलीस. केस मात्र विंचरले नव्हतेस.

हे पत्र समोरच्या घरातल्या मास्तरीणबाई लिहून घेताहेत. मी बोलते तस्संच लिहायचं, असं ठरलंय. या आधीच्याच ओळीत त्यांनी माझं 'तस्संच' सुधारून 'तसेच' केलं होतं. मी वाचून घेतलं आणि परत 'तस्संच' करायला लावलं. जन्मभर पोरांच्या वह्यांवर लाल रेघा मारलेल्या बाईला हे जड जातंय, पण चहा माझा आहे, तेव्हा सोसताहेत. (म्हणाल्या, हेही लिहू का? लिहा म्हटलं.) लिहून झालं की खालच्या औषधाच्या दुकानातली बाई मला हे पहिल्यापासून वाचून दाखवणार, आणि मगच लखोटा बंद. कोणताही कागद मी दोघांकडून वाचून घेते. विजेचं बिलसुद्धा. त्यावरून तू मला हसतेस, पण का ते कधी विचारलं नाहीस.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला म्हणतेस, "आई, मुद्द्यावर ये." आज मला मुद्द्यावर यायला वेळ लागणार आहे.

इकडची बातमी म्हणजे आमचा शिलाईचा कारखाना पाडला. जिथे बसून मी बावीस वर्षं गणवेशांची काजं केली, तिथे आता व्यायामशाळा होणार म्हणे. लोक हौसेने घाम गाळायला येतील. मोठी, तुझी ताई, ज्या टेबलावर कापड बेतायची ते टेबल रस्त्यावर काढून ठेवलं होतं. लाकूड अजून चांगलं आहे. मी जरा वेळ त्याच्याजवळ उभी राहिले, मग पाय दुखले म्हणून आले. पाय दुखले म्हणूनच, दुसरं काही नाही.

बरं. तर मागच्या रविवारचा तुझा फोन.

तू म्हणालीस, "आई, एकवीस तारखेला समितीपुढे बोलायचंय, नव्या कायद्याच्या बाजूने. मी ताईचं सांगणार आहे."

मी म्हटलं, "बरं."

"तुझा जबाब वाचून दाखवणार आहे. न्यायालयातून प्रत मिळाली, तुझ्या अंगठ्यासकट."

मी म्हटलं, "बरं. जेवलीस का?"

सदतीस वर्षांनी लेक एवढी मोठी गोष्ट सांगते आणि आई विचारते, जेवलीस का! तिथेच तुला संशय यायला हवा होता. वकील ना तू?

तो कायदा मी रेडिओवर ऐकला. मास्तरीणबाईंकडून वर्तमानपत्रातला मजकूरही दोनदा वाचून घेतला. त्यातलं सगळं मला कळलं असं नाही, पण एक कलम कळलं. मूल पाडल्याची शंका आली की दवाखान्याने त्या बाईचं नाव चौकीला कळवलंच पाहिजे. तू टीव्हीवर म्हणालीस, "असा कडक कायदा तेव्हा असता, तर माझी बहीण आज असती."

अगं, होता. तेव्हा तो अगदी असाच होता. मधल्या काळात सैल झाला, आता तुम्ही पुन्हा आवळायला निघालात. एवढी पुस्तकं वाचलीस, हे कसं वाचलं नाहीस?

आता ऐक. तुला आजवर एवढंच माहीत आहे की, आपल्या मजल्यावरच्या सिस्टरने ताईवर काहीतरी करू नये ते केलं आणि ताई गेली. मी तुला तसं कधी सांगितलं नाही. पण तू तसं धरून चाललीस आणि मी तुला अडवलं नाही. न अडवणं म्हणजे सांगणंच की.

मोठीला तिसरा महिना होता. एकोणीस वर्षांची होती, तुझ्या लेकीएवढी. कोणाचं ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बाप नव्हता घरात, आरडाओरडा करायला मीच होते, आणि मी तो पोटभर केला. म्हटलं, माझ्या घरात हे चालायचं नाही. 'हे' म्हणजे काय चालायचं नाही, मूल की पाडणं, ते मलाही ठाऊक नव्हतं. दोन्ही चालणार नव्हतं. मग तिने काय करायचं होतं गं?

तिने जे केलं ते एकटीने केलं. शुक्रवारी मी कामावर आणि तू शाळेत असताना. मी परत आले तेव्हा ती आतल्या खोलीत पलंगावर होती आणि चादर बादलीत भिजत होती. मला म्हणाली, "आई, चादर मी धुते, तू नको हात लावू." ताप तेव्हाच अंगात होता.

शनिवारी सकाळी मी सिस्टरला बोलावलं. बिचारी दवाखान्यातली रात्रपाळी संपवून नुकतीच आली होती, पायातले पांढरे बूटसुद्धा काढले नव्हते. तिने मोठीला पुसलं, कपडे बदलले, पोटाला हात लावून पाहिलं आणि मला बाहेर बोलावून म्हणाली, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. हे घरी बरं होणारं नाही." मी म्हटलं, "तिथे नाव लिहून घेतात." ती म्हणाली, "घेऊ देत. मी येते बरोबर."

मी आत गेले तर मोठीने माझा हात धरला. "आई, नको. ते लिहून घेतात." तिला लिहिता-वाचता येत होतं, तरी ती लिहिण्याला भ्याली. मला येत नव्हतं, म्हणून मी त्याहून जास्त भ्याले.

आणि मी नेलं नाही.

शनिवार गेला. रविवार गेला. सिस्टर पाच वेळा येऊन गेली. पाचव्या वेळी तिने मला अक्षरशः हलवलं, "अहो, मुलगी हातची जाईल!" मी दार लावून घेतलं. मला वाटायचं, ताप उतरेल. मला वाटायचं, चौकीत मुलीचं नाव गेलं तर तुझंही लग्न होणार नाही. बघ, नऊ वर्षांच्या मुलीच्या लग्नाची काळजी करत मी एकोणीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर ओल्या पट्ट्या ठेवत बसले होते. सोमवारी सकाळी तिने मला ओळखलं नाही, तेव्हा नेलं. दुपारी ती गेली.

(इथे मास्तरीणबाई थांबल्या. पेन अडलं म्हणाल्या. पेनाला काही झालेलं नाही. मी चहा टाकून आले.)

त्या दुपारचं तुला काय आठवतं? शेजारणीने तुला शाळेतून थेट तिकडे आणलं होतं. दवाखान्याच्या ओसरीवर बाक होतं, तिथे तू दप्तर मांडीवर घेऊन बसली होतीस. चौकीवरचा साहेब आला. त्याने विचारलं, "ताप कधीपासून होता?" मी म्हटलं, "शुक्रवारपासून." "मग आज आणलीत?" मी पदर सावरला. "घरी कोण आलं होतं?" मी म्हटलं, "सिस्टर आली होती. तिने पुसलं, कपडे बदलले, दवाखान्यात न्या म्हणाली." मी बोलले तीन वाक्यं आणि त्याने लिहिलं पानभर. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

म्हणाला, "अंगठा द्या, म्हणजे मुलीला घरी नेता येईल. वाचता येतं?"

आणि मी, तशा वेळीसुद्धा, अभिमानाने म्हटलं, "मला नाही, पण हिला येतं. तिसरीत आहे, वर्गात पहिली येते." त्याने हसून कागद तुझ्या हातात दिला. पोर काय वाचणार, असं त्याला वाटलं असेल.

तुझ्या बाईंनी तुम्हाला एक युक्ती शिकवली होती, आठवते? जोडाक्षराचा अवघड शब्द आला की अडून बसायचं नाही, 'फुली' म्हणायचं आणि पुढे जायचं. घरी तू आम्हाला तसंच वर्तमानपत्र वाचून दाखवायचीस. "आज फुलीमंत्री यांनी फुली फुली केली." मोठी लोळून लोळून हसायची. म्हणायची, "आई, ही मंत्र्यांना शिव्या देते बघ!"

त्या दिवशी बाकावर बसून तू बोट ठेवून ठेवून वाचलंस. मला त्यातला शब्दन् शब्द पाठ आहे. "परिचारिका घरी आली. तिने माझ्या मुलीवर फुली फुली केली. त्यात मुलीचा फुली झाला."

तीन फुल्या. शेवटच्या फुलीला तू वर पाहिलंस, माझ्याकडे. मग साहेबाने शाईचा डबा पुढे केला.

आता मुद्द्यावर येते.

मी लोकांना, देवाला आणि स्वतःला इतकी वर्षं सांगत आले की मला फसवलं. पोरीला वाचता आलं नाही, मला कळलं नाही. धाकटे, ते खरं नाही. मला वाचता येत नव्हतं, ऐकता येत होतं. 'मुलीचा फुली झाला' म्हणजे काय झालं, ते न कळायला मी बहिरी नव्हते. आणि शेवटची फुली कळली, तर आधीच्या दोन फुल्यांत काय असेल तेही कळतंच. "साहेब, तिथे काय लिहिलंय?" एवढं विचारायला किती श्वास लागतो? मी नाही विचारलं. कारण त्या फुल्यांत सिस्टरचं नाव अडकलं, तर "मग आज आणलीत?" हा प्रश्न मला पुन्हा कोणी विचारणार नव्हतं. आणि खरंच कोणी विचारला नाही. तूसुद्धा नाही.

खटल्याच्या वेळी तो कागद कारकुनाने घडाघडा वाचला, एकही शब्द न सोडता. निषिद्ध. शस्त्रक्रिया. मृत्यू. न्यायाधीशांनी विचारलं, "हा अंगठा तुमचाच?" मी म्हटलं, "हो." अंगठा माझाच होता, त्यात खोटं काय!

बाहेर सिस्टरला नेत होते. ती माझ्यासमोर थांबली. मला वाटलं, आता थुंकेल. ती म्हणाली, "शेवटी ताप उतरला होता का तिचा?" मी मान हलवली, नाही म्हणून. "वाटलंच मला," असं म्हणाली आणि गेली. तिला सहा वर्षं झाली. सुटल्यावर ती कुठे गेली मला माहीत नाही. मी शोधलं नाही.

आता एक नीट ऐक. तू नऊ वर्षांची होतीस आणि मी एक्केचाळीस. हे तुझ्या वाचण्याने झालं, असं क्षणभरही मनात आणू नकोस. तुला जे येत नव्हतं त्याला तू 'येत नाही' म्हणालीस. त्या ओसरीवर त्या दिवशी खरं बोललेली तू एकटीच.

पोटातल्या जिवाबद्दल माझ्याशी वाद घालायला येऊ नकोस. मी तो जीवच मानते. मोठीच्या पोटातलाही मानला, आणि अजून कधीतरी त्याचं वय मनात धरते. पण त्याचं चौकीला कळू नये म्हणून मी मोठीला दोन दिवस दाराआड ठेवलं आणि दोन्ही गेले. यात कोणाचं रक्षण झालं, ते तुझ्या समितीने मला समजावून सांगावं. बरोबर काय, चूक काय, ते मला अजूनही पुरतं कळत नाही. एवढंच कळतं की, ज्या बाईला ताप चढतोय, तिला दवाखान्याच्या पायरीवर थांबून विचार करावा लागू नये.

तुझं मत तुझं. हे पाप आहे असं मनापासून वाटत असेल तर उभी राहून तसं सांग, मी कान झाकणार नाही. पण मोठीला साक्षीला उभी करू नकोस. ती तुझ्या बाजूची साक्षीदार नाही.

मास्तरीणबाई सांगतात, खोट्या जबाबाला शिक्षा असते, या पत्राने मी अडकेन. म्हटलं, गुडघ्यांनी मला असंही घरातच डांबलंय. सरकारने डांबलं तर निदान जेवण आयतं मिळेल. त्या हसल्या नाहीत.

आज सकाळी त्यांच्याकडूनच समितीच्या कचेरीत फोन लावून घेतला आणि एकवीस तारखेला बोलणाऱ्यांत माझं नाव लिहायला सांगितलं. तिकडचा माणूस म्हणाला, "आजी, बाजूने की विरोधात?" मी म्हटलं, "मुलीच्या बाजूने." तो म्हणाला, "असा रकाना नाही." मग म्हटलं, "विरोधात लिही." तुझ्यासमोर उभं राहून बोलावं लागेल, हे मला कळतं. तुझ्या कामाचं, नावाचं त्याने काय होईल, तेही थोडंफार कळतं. त्याआधी तुला हे कळावं म्हणून हे पत्र. मी येण्याआधीच तू तो जबाब मागे घेतलास तर बरं. नाही घेतलास तरी मी येणार.

गाडी पाठवू नकोस. तिथे दिसले आणि हाक मारावीशी वाटली तर मार. नाही वाटली तरी मी बोलून जाईन.

तुझी,
आणि तुझ्याआधी तिची,

आई