हाव म्हणणारं गाव

३ मार्च २०२५, सोमवार

पोचले एकदाची. जळकोट ते नांदेड एस.टी., नांदेडहून रेल्वेत उभी, मुदखेडला खिडकी मिळाली, आणि किनवटच्या पुढं काळीपिवळीत कुणाची तरी कोंबडी माझ्या मांडीवर. पण पळसपाटी दिसली आणि शीण गेला. सगळीकडं पळस फुललेला, रस्ते झाडलेले, माणसं गोड.

माझी नोकरी कंत्राटी, हुद्दा मात्र लई भारी: रसायनतज्ज्ञ, पाणी तपासणी प्रयोगशाळा. गावात पाण्याचे अकरा स्रोत आहेत. प्रत्येकाचं पाणी तपासायचं आणि शेरा मारायचा. विहिरी, बोअर सोपे आहेत. खरं काम वसतिगृहाचं. इथं बासष्ट मुली राहतात, सध्या शाळेच्या विहिरीचं पाणी पितात. वीस तारखेला त्यांची नवी टाकी सुरू होणार, आणि टाकीला पाणी येणार शेजारच्या हापशाच्या बोअरमधून. ते पाणी मुलींना द्यायचं की नाही, हे माझ्या शेऱ्यावर ठरणार.

आमचे साहेब गुरुलिंग, उदगीरकडचे. त्यांना कानडी एकच शब्द पुरतो: इल्ला, म्हणजे नाही. रजा मागा, इल्ला. दोन बाटल्या जास्तीच्या मागा, इल्ला. इथं बरोबर उलटं, कशालाही हो, म्हणजे यांचं हाव. खोली पाहिजे म्हटलं, हाव. खाट, हाव. पंखा, हाव. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या चांगुणाबाईंनी तर न मागता तीन वेळा चहा पाजला. पप्पांना फोनवर सांगितलं की या गावाला नाही म्हणताच येत नाही. पप्पा म्हणजे आनंदराज सोनकांबळे, रिटायर मास्तर. ते म्हणाले, प्रियदर्शनी, मग जरा जपून. लहानपणी त्यांनी मला पाटीवर अ गिरवायच्या आधी न्हाई म्हणायला शिकवलं होतं. त्यांना सगळीकडंच काहीतरी खटकतं.

५ मार्च, बुधवार

दहा स्रोत झाले, दहाही बरे. सोबत शेषेराव होते, गावचे जलसुरक्षक. साठीचा माणूस, पण मान ताठ. म्हणजे खरोखर ताठ, मागं बघायचं तर अख्खा माणूस फिरतो.

अकरावा तो वसतिगृहाजवळचा हापसा. लांबून लाल दिसला तेव्हा बरं वाटलं, कारण आमच्या खात्यात लाल रंगाचा अर्थ एकच, हे पाणी पिऊ नका. जवळ गेले तर हापशाला हार, हळदीकुंकू, नारळ, दांड्याला हिरव्या बांगड्या. शेषेरावांनी हकिगत सांगितली. बारा वर्षांमागं एक जीप आली, दोन साहेब उतरले, हापशाला लाल रंग फासला आणि काही न बोलता निघून गेले. गावानं तो शेंदूर समजला. सरकारनंच शेंदूर फासला म्हणजे देवी साधीसुधी नाही. तेव्हापासून ती लालआई. आधी या हापशाला कुत्रं येत नव्हतं, आता चार गावांची माणसं तीर्थ न्यायला येतात.

मी आधी पोट धरून हसले आणि मग डोकं फिरलं. गावाचं काय चुकलं यात? रंग फासणाऱ्याच्या तोंडाला काय झालं होतं? एक वाक्य बोलायला डिझेल लागतं का?

तपासणी तिथंच केली. फ्लोराईड ४.८. लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरी सोयच नसेल तर दीड. त्याच्या वर गेलं की आधी दात तपकिरी, मग सांधे, मग पाठ आणि मान लाकडासारखी. शेषेरावांकडं बघवलं नाही. अहवालाचा फॉर्म काढला आणि शेरा मारला: पिण्यास योग्य. खाली दोन रेघा ओढल्या. इतका ठसठशीत शेरा मी आजवर मारला नव्हता.

संध्याकाळी पारावर गाव जमवलं आणि हे पाणी कुणी प्यायचं नाही, टाकीला जोडायचं नाही, असं समजावून सांगितलं. सगळे एकसाथ हाव म्हणाले. आपल्या बोलण्याचा भलताच वट आहे बुवा.

६ मार्च, गुरुवार

सकाळी हापशावर गर्दी. कालच्या पहिल्या रांगेतलेच सगळे, घागरी घेऊन. मी विचारलं, काल तर कबूल केलं होतं? म्हणाले, हाव. मग आता भरू नका. हाव. आणि भरत राहिले.

म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण मीही जळकोटची आहे, हुज्जत घालण्यात आमचा नंबर पहिला.

११ मार्च, मंगळवार

साहेबांचा फोन. म्हणाले, अभिनंदन, तुमच्या अहवालानुसार टाकीचं काम पुढं गेलं. मी म्हटलं, कोणता अहवाल? ४.८ ला कोण हो म्हणेल? त्यांनी वाचून दाखवलं, तर ४.८ च्या पुढं योग्य लिहिलंय. मी हट्टानं म्हटलं की टाईप करणाऱ्यानं अ खाल्ला. ते म्हणाले की बाई, हा कागद तुमच्या हातचा आहे.

माझ्याकडची प्रत काढली. तिच्यातही अ नाही. खोडलेला नाही, पुसलेला नाही, तिथं कधी नव्हताच असा कागद. नवीन फॉर्म भरला, सही केली, पाकिटात घालायच्या आधी पुन्हा वाचला. अ गेला. माझ्या डोळ्यांदेखत कुठं गेला ते सांगता येत नाही, पण गेला.

मग ही रोजनिशी उघडली. मागचं पान. पाच तारीख, दोन रेघांच्या वरचा शब्द. मी तो शब्द अ लावून लिहिला होता. पप्पांची शपथ.

भीती वाटली, लिहून ठेवते. आणि रागही आला, तो जास्त. अ म्हणजे आमच्या घरी काय साधं अक्षर आहे? पप्पांच्या आईच्या हातात पाटी आली तेव्हा ती चाळीस वर्षांची होती. त्या अक्षराला हात लावणारी ही लाल बाई कोण?

१३ मार्च, गुरुवार

चांगुणाबाई मुदखेडच्या. किनवटहून फिल्टरचा कॅन मागवतात, इथलं पीत नाहीत. त्यांनीच आज सांगितलं. चार वर्षांत त्यांनी या गावात न्हाई हा शब्द ऐकलेला नाही. दारूड्यानं पोरगी मागितली, बाप हाव म्हणाला. दलालानं रान मागितलं, घरधनी हाव म्हणाला, आणि मग आतल्या खोलीत जाऊन रडला. माना आडव्या फिरतच नाहीत. वर-खाली तेवढ्या होतात.

दुपारी ऊन डोक्यावर असताना नमुना घ्यायला गेले. हापशाजवळ कुणी नव्हतं. दांडा हलत होता. वर, खाली, वर, खाली, बांगड्या वाजत होत्या, पाणी मात्र थेंबभर नाही. समोर लिंबाखाली शेषेराव आणि दोन म्हाताऱ्या बसलेल्या. तिघांच्या माना त्याच ठेक्यात. वर, खाली. शेषेरावांचे डोळे माझ्यावर होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं.

मी नमुना घेतला. दांडा मीच दाबला आणि बाटली भरली.

परत येऊन चांगुणाबाईंना विचारलं की माझा चहा कोणत्या पाण्याचा? त्यांनी पदर तोंडाला लावला. म्याडमच्या चहाला हे पाणी घ्या म्हणून शेषेरावच रोज हापशाची कळशी आणून देतात, आणि चांगुणाबाईंना वाटलं होतं, उकळलं की दोष जातो. उकळून जंतू मरतात, बाई. फ्लोराईड मरत नाही, आटलं तर वाढतं. मी त्यांना बोलले नाही. हे तरी त्यांना कुणी कधी सांगितलं होतं?

अकरा दिवस, रोजचे तीन कप.

१५ मार्च, शनिवार

सकाळी मान आखडलेली. झोपण्यात आखडली असेल, असं मी स्वतःला तीनदा सांगितलं.

साहेबांना बोलावून घेतलं होतं, म्हटलं माणूस समोर असेल तर इल्ला म्हणेल. जीपमधून उतरले, तोंडभर घाम. मी ओरडेपर्यंत कुणीतरी तांब्या पुढं केला आणि त्यांनी तो रिकामा केला. नंतर मी म्हटलं, टाकी थांबवा. हाव. लेखी द्या. हाव. कागद पुढं केला तर पेन हातात तसंच. मी मुद्दाम विचारलं, महिनाभर रजा देता का? हाव. शंभर बाटल्या? हाव.

त्यांचा तो इल्ला ऐकायला मी आज काय वाट्टेल ते दिलं असतं.

१७ मार्च, सोमवार

पळून जाता येईल. काळीपिवळी सकाळी नऊला आहे, पिशवी भरलेली आहे.

मुली व्हरांड्यात फुगडी खेळत होत्या. एकीनं दुसरीला हाक मारली आणि तिनं वळून बघितलं. नुसती मान वळवून, खांद्यावरून. मी बघतच राहिले. बासष्ट माना, अजून सगळ्या फिरतात.

पिशवी रिकामी केली.

१८ मार्च, मंगळवार

मान आडवी होत नाही. नाही म्हणायला तोंड उघडते, ओठ हाव करतात. ऐकू येतो तो माझाच आवाज आहे — लाज वाटते.

पण हात अजून माझे आहेत. मुलींना जेवणाच्या वेळी जमवलं. बोलले नाही, बोलून उलटंच निघतं. पेला घेतला आणि ताटात पालथा ठेवला. त्यांनी बघितलं. पुन्हा सुलटा केला, पुन्हा पालथा. हापशाकडं बोट. पालथा. टाकीकडं बोट. पालथा. त्यांना खेळ वाटला, हसल्या, सगळ्यांनी केलं. चांगुणाबाईंनी मागून समजावलं — त्यांना अजून बोलता येतं. वसतिगृहाच्या सरांना कळलं, तेही हापशाचंच पितात. चांगुणाबाईंना उद्यापासून येऊ नका म्हणाले — नाही, असं म्हणता कसं येईल त्यांना — उद्या सुट्टी घ्या, हाव ना, असं म्हणाले.

१९ मार्च, बुधवार

उजवा हात वर-खाली. आपोआप. दांड्याच्या ठेक्यात.

डाव्यानं लिहिते आहे. अक्षर पोरासोरांसारखं — असू दे.

पप्पांचा फोन. उद्या वीस मार्च, चवदार तळ्याचा दिवस, आठवण आहे ना, म्हणाले. मी हाव म्हणाले. बरी आहेस ना? हाव. परत येतेस का? — हाव. तिकडून ते म्हणाले, बेटा, तू एवढं ऐकणारी कधी झालीस?

त्यांना कळलं. मास्तर आहेत, कळणारच. निघतो म्हणाले, पण उद्या दुपारपर्यंत काही पोचणार नाहीत.

आमच्या माणसांना पाणी प्यायला मिळावं म्हणून लढावं लागलं. आता मला प्यायचं नाही म्हणून — दोन्ही एकच. आपल्या ओंजळीत काय येतं ते आपण ठरवायचं. ती नाही. जीप नाही. रंग नाही.

२० मार्च, गुरुवार

टाकीला हार घातलाय. नळाला कुंकू. साहेब, सर, शेषेराव एका ओळीत — वर, खाली. मुली रांगेत, हातात पेले.

मी टाकीच्या ओट्यावर बसलेली, पाय चिकटल्यासारखे. कंबर हलत नाही. डावा हात आहे. रोजनिशी गुडघ्यावर. मुलींनो, हे पान तुमच्यासाठी — मोठं लिहून वर धरणार.

दांडा हलतोय. कुणी नाही तिथं. बांगड्या —

नळ सुरू केला. सर म्हणाले, पाणी चांगलं आहे ना म्याडम? माझ्या तोंडातून — हाव — त्यांनी ऐकलं, सगळ्यांनी —

पहिली पोर पुढं आली. पेला नळाखाली. माझ्याकडं बघते आहे.

मी हात — डावा हात — नुसता तळवा पालथा केला.

तिनं पेला पालथा केला. पाणी बुडावरून घरंगळलं. दुसरीनं केला. तिसरी. मागं रांगभर — पालथे — सगळे पालथे — आणि पहिली मान हलवते आहे, डावीकडं, उजवीकडं, डावीकडं —

दांडा थांबला.

आता बोटं. एकेक कडक होतंय. अजून तीन. शेरा पुरा करते. सरकारी शेरा आहे, माझ्या सहीचा, आणि या वेळी हे अक्षर मी दाबून धरलंय, जाऊ देणार नाही —

स्रोत क्रमांक अकरा. फ्लोराईड ४.८. हे पाणी पिण्यास अ