पहिल्या बाजूचं पहिलं गाणं

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
६ सप्टेंबर १९९३

प्रिय सगुणा,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. तुमच्याकडे आलेलं टपाल आधी सासरे उघडतात, हे तूच एकदा सांगितलं होतंस. सखुबाई उद्या सुकट विकायला कल्याणला येते आहे, तिच्या टोपलीतून येईल. वास येईल, पण वाच.

माझी कॅसेट निघते आहे. पहिलीच. आठ गाणी, सगळी आपल्याकडची, पण मागे गिटार आणि ऑक्टोपॅड. कॅसेट काढणारा गुरुदत्त याला 'गावचा पॉप' म्हणतो. वर्तकनगरात तळमजल्यावरच्या एका खोलीत, भिंतींना गाद्या बांधून रेकॉर्डिंग केलं. वरच्या घरात कुकरची शिट्टी झाली की सगळं पहिल्यापासून. तो सारखा म्हणायचा, "ताई, हसत गा, पब्लिक नाचलं पाहिजे." घटस्थापनेला टेंभी नाक्यावरच्या देवीपुढे वाजलीच पाहिजे, असं त्याने ठरवलं आहे. रेकॉर्डिंग संपून पंधरा दिवस झाले, तरी रोज सकाळी उठल्यावर मी घसा खाकरून पाहते.

पहिल्या बाजूचं पहिलं गाणं तुझं आहे. 'भरती आली, तू नाय आला, ओहटीला मी थांबू कशाला?'

माझ्या हळदीला तू ते घातलंस. आपल्याकडे एकीने ओळ घालायची, दुसरीने उचलायची, तिसरीने वाढवायची. ओळ कुणाची हे कुणी विचारत नाही. माझ्या नवऱ्याला टोमणा आहे असं समजून बायका हसल्या. सगळ्यांत मोठ्याने मी उचललं. मग तुझ्याकडे पाहिलं. तुझे हात हळदीत होते आणि तू हसत नव्हतीस.

गुरुदत्तने विचारलं, गीतकार कोण? मी म्हटलं, आमच्यात गीतकार नसतो. "मग पारंपरिक लिहू?" मी हो म्हटलं. सात गाणी अशी सुटली. ती खरंच कुणा एकीची नाहीत. तुझ्या गाण्याला तो अडला. "हे जुनं नाही ताई. हे कुणीतरी जीव लावून केलंय. नाव द्या, नाहीतर उद्या दुसरा कुणी उचलेल."

गेल्या रविवारी रघु आला होता. टेप चालू होता. भावाला कॅसेट ऐकवावी एवढंच मनात होतं. त्याने ते गाणं मागे नेऊन पुन्हा लावलं.

"कुणाचं गं?"

"जुनं आहे."

"एवढं जुनं नाय," म्हणाला, आणि चहा न घेता गेला.

त्याला आता दोन मुलं आहेत, तुला ठाऊक आहे. तो तुला मागणी घालायला का आला नाही, हे मी त्याला कधी विचारलं नाही. आईने अडवलं असेल, असं धरून चालले. तसं धरलं की विचारावं लागत नाही.

एक ओळ ऐकून त्याला कळलं. टेंभी नाक्यावर कर्ण्यातून वाजेल तेव्हा किती जणांना कळेल? कव्हरवर तुझं नाव आलं, तर तुझ्या सासरी कुणीतरी विचारणारच, भरतीला कोण आला नव्हता. नाव नाही घातलं, तर ते गाणं तुझं कधीच नव्हतं असं होईल. नवरा म्हणतो, "जेव आधी. गाणं कुठे पळून जातंय?" त्याला यातलं काही माहीत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गुरुदत्तने फॉर्म पुढे केला तेव्हा 'गीतकार' या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. विचार न करता लिहिलं, असं तुला सांगणार होते. विचार केला होता. शनिवारी पुन्हा वर्तकनगरला गेले, फॉर्मवर माझा पत्ता चुकला आहे असं खोटं सांगून तो कागद मागून आणला. पत्राबरोबर तोच आहे. माझं नाव मी खोडलं आहे, खाली जागा आहे. तुझं नाव लिहून सही केलीस तर ते छापतील, आणि मग तुझ्या घरात जे होईल ते माझ्या कॅसेटपायी होईल. कागद कोरा पाठवलास तर मी गाणं काढून घेईन. त्या गाण्याशिवाय कॅसेट काढणार नाही, हे गुरुदत्तने स्पष्ट सांगितलं आहे. येत्या शनिवारी कव्हर छापायला जातं. तू काय करावंस असं मला वाटतं, ते इथे लिहिलं होतं. नंतर काळं केलं. उजेडात धरून वाचू नकोस.

तुझीच,
शेवंती