चौथा रकाना

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, प्रत्यक्ष घातला तर पाय टेबलाबाहेर जातील आणि येणारे-जाणारे अडखळतील). गुडघा कसा आहे? मामी तुम्हाला जिना चढू देत नाही असं कळलं, बरंच करते. मी ठीक आहे. जेवण जातं, झोप लागते, कधीकधी कचेरीतही लागते. पण तुम्हीच आईला सांगायचात ना, की हा पोरगा झोपलेला नसतो, फक्त इथं नसतो. गेला महिनाभर मी तसाच इथं नाहीये, त्याची हकीकत सांगायला बसलोय.

आमची कंपनी वजनकाटे बनवते आणि मी खरेदी विभागात आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच (तुम्हीच ओळख काढून मला इथं चिकटवलंत). कचेरीच्या तिन्ही मजल्यांवरचे फोन जिन्याखालच्या एका खोलीतून लागतात. तिथं ऑपरेटर बाई बसते. ती कुणाचं नाव घेत नाही, विभागाच्या नावानं बोलते. 'बोला, हिशेब.' 'बोला, गोदाम.' गेली सहा वर्षं मी फोन उचलला की 'बोला, खरेदी' असं ऐकू येतं, आणि ते ऐकलं की कुणाला फोन लावायचा होता तेच मी निम्म्या वेळा विसरतो. मग ती जरा थांबते आणि विचारते, 'खरेदी, आहात ना?' मी आहे म्हणतो. खरं तर तेव्हा मी समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींकडे बघत असतो. त्या हलत असतात, एवढंच.

महिन्यापूर्वी साहेबांनी बोलावलं. त्यांच्या मेहुण्याच्या कचेरीत म्हणे फोन, व्हिडिओवरच्या बैठका, लेखी निरोप, सगळं एकाच यंत्रणेत आलंय; माणूस घरी असो की गाडीत, कुठंही सापडतो. (मला ही सोय ऐकूनच धडकी भरली.) तर आपल्याकडेही तसंच हवं. तीन कंपन्या बोलवा, तुलनेचा तक्ता करा, शुक्रवारी टेबलावर ठेवा. मी दारापर्यंत पोचल्यावर ते म्हणाले, एकदा हे आलं की जिन्याखालची खोली मोकळी होईल, जुन्या फायली ठेवता येतील. मामा, त्या खोलीत एक माणूस बसतं, तिनं मग कुठं जायचं, हे मी तिथंच विचारायला हवं होतं. मी 'बरं' म्हणालो. त्या 'बरं'ची मला अजून लाज वाटते.

पहिल्या कंपनीचा माणूस निळा कोट घालून आला. अंतर कसं नाहीसं होतं ते दाखवायला तो शेजारच्या खोलीत गेला आणि तिथून पडद्यावर दिसू लागला. तिसऱ्या मिनिटाला पडदा गोठला. निळा कोट आ वासून स्थिर, आणि खरा आवाज मात्र भिंतीतून येत राहिला. आम्ही पाच जण त्या उघड्या तोंडाकडे बघत भिंतीचं ऐकत बसलो. तो इतक्या उमेदीनं बोलत होता की त्याला जाऊन सांगायला कुणाचे पाय उचलेनात. मला तर ते संपूच नये असं वाटत होतं. दुसऱ्या कंपनीच्या इंजिनिअर बाई आल्या, फोन कुठून लागतात एवढं विचारलं आणि जिन्याखालच्या खोलीत गेल्या, त्या दोन तास वर आल्याच नाहीत. सादरीकरण नाही म्हणून मी त्यांचे गुण कापले. तिसऱ्या कंपनीनं पत्रकात छापलं होतं की आमची मदत तत्पर असते. म्हटलं, बघू या, आणि फोन लावला. तिकडून सूर लागले, बासरीसारखं काहीतरी, आणि मधूनमधून एक आवाज म्हणायचा, 'आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात.' मामा, हे मला आजवर कुणी इतक्या वेळा सांगितलेलं नाही. मी खुर्चीत रेललो. पहिल्या दहा मिनिटांत तुमच्या मागच्या अंगणातल्या हौदात सोडलेल्या कागदी होड्या आठवून झाल्या, पुढच्या दहांत मी त्यांतल्या एकीत बसलो होतो. पन्नासाव्या मिनिटाला मदतनीस बोलायला आला तेव्हा मला त्याचा रागच आला. 'ताटकळावं किती लागतं' या ओळीत मी त्यांना दहापैकी नऊ गुण दिले, आणि ते उलटे द्यायचे होते हे मला घरी जाताना सुचलं.

मग वाटलं, तुलना करायची तर सगळ्यांशीच करावी. पट्टी घेऊन चौथा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'बाई'. ताटकळावं लागतं का? लागत नाही. आवाज ओळखते का? शिंकेवरूनही ओळखते. वीज गेली तर? मेणबत्ती लावते आणि जिना चढून निरोप देते. गिऱ्हाईक चिडलेलं असेल तर? (इथं जागा पुरेना, म्हणून मागच्या बाजूला लिहिलं.) एक दुकानदार काटा बिघडला म्हणून आरडाओरडा करत होता. साहेब जागेवर येईपर्यंत तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं, आणि साहेबांनी फोन घेतला तेव्हा तो म्हणाला, आता काही नाही. बेरजेत बाईला अडतीस, बाकी कुणी पंचविशीच्या पुढं नाही. वजनकाट्यांच्या कंपनीत खोटं माप कसं चालेल? तक्ता आत्ताच झेरॉक्सला पाठवलाय. साहेब काय म्हणायचं ते म्हणोत, या वेळी मी 'बरं' म्हणणार नाही.

बाकी काम काही नाही, सहज लिहिलं. मामीला नमस्कार. गुडघा जपा.

तुमचा भाचा

ता. क. काम आहे. मला बाईशी लग्न करायचंय. तुम्ही तिच्या वडिलांकडे विषय काढावा. एवढंच होतं तर फोन का केला नाहीस, असं विचाराल. मोबाइलचा चार्जर मी कुठं ठेवलाय ते महिनाभर आठवत नाहीये, आणि कचेरीतून तुम्हाला फोन लावायचा तर तो तीच लावून देणार.

ता. क. दुसरं. घोटाळा झाला. झेरॉक्सचं मशीन जिन्याखालच्या खोलीतच असतं. माझा तक्ता परत आलाय आणि त्यावर पेन्सिलीनं दुरुस्त्या आहेत. 'मेणबत्ती'वर काट, शेजारी 'कंटाळा आलाय'. 'ताटकळावं लागत नाही' यापुढं 'मला लागतं'. चौथ्या रकान्यावर आडवी रेघ. दुसऱ्या कंपनीपुढं बरोबरची मोठी खूण आणि खाली शेरा, की त्यांनी दोन तास बसून मला काय हवं ते विचारलं, तुम्ही सहा वर्षांत विचारलं नाहीत. पुढं तिनंच लिहिलंय, नवी यंत्रणा मीच चालवणार, वरच्या मजल्यावर, खिडकीपाशी. साहेबांशी बोलून झालंय. मामा, मी तिला वाचवायला निघालो होतो. शेवटची ओळ अशी: 'तक्ता करणाऱ्यानं कुठल्याही यंत्रणेशिवाय स्वतः खाली येऊन बोलावं.'

ता. क. तिसरं. खाली आलो. सतरा पायऱ्या आहेत. त्या मी दारात उभा राहून पुन्हा मोजत असणार, कारण ती म्हणाली, 'आहात ना?' पण आधी 'खरेदी' म्हणाली नाही, माझं नाव घेतलं. ते तिला माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. मग मी बोललो. ती म्हणाली, बाबा फक्त रविवारी घरी असतात, पत्र पोचेपर्यंत रविवार उलटून जाईल, आणि तुमचा नंबर मागून घेतला. आत्ता ती तुमच्याशीच बोलतेय, मी शेजारी स्टुलावर बसून हे लिहितोय. म्हणजे पत्र हातात पडेल तेव्हा तुम्हाला सगळं कळलेलं असेल, तरी टाकतो. गुडघ्याबद्दल तुम्ही बरंच सांगताय वाटतं, ती लिहून घेतेय. आता बहुतेक माझं विचारलंत, कारण तिनं माझ्याकडे बघितलं आणि तुम्हाला म्हणाली, 'आहेत. इथंच आहेत.'